आज्जींची कानडी बंद करू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाचणाऱ्या इतरांनाही कळावं म्हणून आधी तो थोडक्यात सांगते. तुम्ही सांगलीत विश्रामबागला राहता. माहेर कराडकडचं, मराठी. सासर जत तालुक्यातलं, अगदी सीमेवरचं, घरात कानडी. मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा. त्याचे बाबा आणि आज्जी त्याच्याशी कानडीत बोलतात, तुम्ही मराठीत, आणि जूनपासून तो इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जातोय. शेजारच्या त्याच्याच वयाच्या मुलीपेक्षा तो कमी बोलतो, ‘मला हालु ब्याड’ अशी सरमिसळ करतो आणि वर्गात गप्प असतो. बाईंनी सांगितलं की तीन भाषांमुळे त्याचा गोंधळ होतोय, घरी फक्त इंग्रजी बोला. ते ऐकल्यापासून सासूबाईंनी नातवाशी बोलणंच टाकलंय. आणि तुम्ही विचारताय, यातली कोणती भाषा सोडू?

मी २२ वर्षं सांगली-मिरजेत वाचा-उपचाराचं काम करते. माझ्याकडे जत, कवठे महांकाळ, मिरज पूर्व भाग इथून येणाऱ्या घरांमध्ये निम्म्याअधिक घरं दुभाषी असतात, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचा आहे. मुळात तुमचे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत. पहिला, मुलाचं बोलणं खरोखर मागे आहे का? दुसरा, घरात दोन भाषा असणं त्याच्या भल्याचं आहे का? बाईंनी दुसऱ्याला पहिल्याचं कारण ठरवून टाकलं. तसं ते नसतं.

आधी ‘मला हालु ब्याड’ बघू, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच दिसते. मराठीत आपण म्हणतो ‘मला दूध नको’. आज्जी म्हणतील ‘ननग हालु ब्याड’. दोन्ही शेजारी ठेवून बघा. मला–ननग, दूध–हालु, नको–ब्याड. दोन्हींचा साचा एकच आहे, शब्दांचा क्रमही तोच. तुमच्या मुलाने तो साचा ओळखलाय आणि त्या त्या खणात हाताशी असलेला शब्द बसवलाय. इंग्रजीचा साचा वेगळा आहे, त्यात नकार आधी येतो आणि दूध शेवटी. तिथे त्याने अशी सरमिसळ केलेली तुम्हाला फारशी दिसणार नाही. जतकडचं एक साडेतीन वर्षांचं पोर माझ्याकडे यायचं. कंटाळलं की आईला म्हणायचं ‘मनीत जायचं’. कानडीतली ‘मनी’ म्हणजे घर, आणि तिला आपला ‘त’ प्रत्यय. तेच पोर बाहेर बाकावर बसलेल्या आज्जीकडे गेलं की ‘मन्याग’ म्हणायचं, अस्सल कानडी प्रत्यय लावून. आईजवळ ‘त’, आज्जीजवळ ‘आग’. गोंधळलेल्या मुलाला हे जमत नाही. कोणाशी कोणतं व्याकरण वापरायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आईशी बोलताना ‘घर’ हा शब्द तेवढा अजून हाताशी नव्हता.

आपणही दिवसभर हेच करतो. ‘गाडी पार्क करून येतो’, ‘बुकमध्ये ठेव’. आपल्याला कोणी गोंधळलेलं म्हणत नाही.

बाळं तर याहून लवकर भाषा वेगळ्या करतात. कॅनडात व्हँकुव्हरला २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणात इंग्रजी आणि टागालोग (फिलिपिन्समधली भाषा) या दोन्ही भाषा बोलणाऱ्या आयांच्या, जेमतेम काही दिवसांच्या बाळांना दोन्ही भाषा ऐकवल्या आणि ती चोखणी किती जोरात चोखतात ते मोजलं. फक्त इंग्रजी बोलणाऱ्या आयांची बाळं इंग्रजीकडे ओढली गेली. दुभाषी आयांच्या बाळांना दोन्ही भाषा सारख्याच आपल्या वाटल्या, पण दोन्हींतला फरकही त्यांना कळत होता. म्हणजे पोटात असतानाच कान तयार होत असतो. तुमच्या मुलाने पोटातल्या शेवटच्या काही महिन्यांत तुमची मराठी आतून ऐकली आणि आज्जींची कानडी बाहेरून.

आता बोलणं मागे आहे का, याकडे येते. इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं, आणि मुलाला न पाहता मी ठाम सांगणार नाही. पण तुम्ही घरी काय करू शकता ते सांगते. तुम्ही शेजारच्या मुलीची मराठी आणि तुमच्या मुलाची मराठी अशी तुलना केलीत. ही तुलना अपुरी आहे. दुभाषी मुलाचे शब्द दोन डब्यांत वाटलेले असतात. एकाच डब्याचं झाकण उघडून पाहिलं तर डबा अर्धाच भरलेला दिसणार. कवठे महांकाळच्या एका आईने दोन वर्षांच्या मुलीचे शब्द मला मोजून आणून दिले, ३८. चिंतेत होती, कारण दोन वर्षांला किमान ५० शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं आम्ही बघतो. मी म्हटलं, आता आज्जीला शेजारी बसवा आणि पुन्हा लिहा. कानडीतले २९ निघाले. एकूण ६७. त्यातल्या १२ गोष्टींना तिच्याकडे दोन्ही भाषांतले शब्द होते, पाणी आणि नीरु, दूध आणि हालु असे. ते एकेकदाच धरले तरी ती ५५ वेगवेगळ्या गोष्टींना नावं देत होती. मुलगी व्यवस्थित होती. अर्धी मोजणी आज्जीजवळ राहिली होती.

तुमचा मुलगा तीन वर्षांच्या आसपास आहे. या वयात कोणत्याही एका भाषेत, किंवा मिसळून का होईना, तीन-चार शब्दांची छोटी वाक्यं यायला हवीत. ‘मला हालु ब्याड’ हे तीन शब्दांचं वाक्य आहे, ते धरायचं. त्याच्या बोलण्यातलं बरंचसं परक्या माणसालाही कळायला हवं. हाक मारली की वळून बघतो का, हवं ते बोट दाखवून मागतो का, कपबशी घेऊन खोटाखोटा चहा करतो का, तुम्ही सांगितलेलं काम खुणेशिवाय समजतो का, हेही बघा. आज्जींनी कानडीत सांगितलेलं कळतं का, ते आज्जींनाच विचारा. हे सगळं असेल आणि बोलणं थोडं कमी असेल तर घाबरण्यासारखं नाही. पण पूर्वी येणारे शब्द गळायला लागले, नजर देत नसेल, दोन्ही भाषांत समजच कमी वाटत असेल, तर तीन महिने वाट बघू असं करू नका, लगेच तपासा.

आणि तपासणीत सगळ्यात आधी कान. हे मी प्रत्येकाला सांगते, मूल छान ऐकतंय असं घरच्यांना कितीही वाटत असलं तरी. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. मग मुलाला ऐकू येतं, पण पाण्यात बुडी मारल्यावर येतं तसं बोथट. कुकरची शिट्टी ऐकू येते, पण ‘स’ आणि ‘श’ हुकतात, शब्दांची शेवटची टोकं हुकतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि ऑडिओलॉजिस्टकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या. लागलं तर ते ओएई किंवा बेरा सांगतील. कान आवाजाला प्रतिसाद देतो का, हे यंत्राने बघायच्या या तपासण्या आहेत, त्यांना सुई नाही, दुखत नाही. नर्सरीतलं गप्प बसणं मात्र मी यात धरत नाही. जिथे सगळं नव्या भाषेत चाललंय तिथे मूल काही महिने फक्त ऐकतं, बघतं, साठवतं. हा काळ बहुतेक मुलांना असतो. घरी बोलणारं मूल वर्गात जूनपासून गप्प आहे, यावरून त्याला आजार आहे असं म्हणता येत नाही.

समजा, खरोखरच बोलणं मागे निघालं. तरी कानडी काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही. बोलण्यातली खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, एक काढली म्हणून दुसरी सुधारत नाही. डाऊन सिंड्रोम असलेली मुलंही आपापल्या कुवतीने दोन भाषा शिकतात, हे अभ्यासांत दिसलंय आणि मी समोर पाहिलंय. तोतरेपणही दोन भाषांमुळे लागत नाही.

हे मला चटका बसून कळलंय. काम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत मीही जतकडच्या एका घराला सांगितलं होतं, ‘मुलाशी फक्त मराठी बोला, कानडी सहा महिने बंद.’ तेव्हा आम्हाला शिकवलंच तसं जायचं. घरच्यांनी मनापासून पाळलं. सहा महिन्यांनी मूल आलं तर शब्द जवळपास तिथेच. मग विचारत गेले तेव्हा उलगडलं. आई-वडील दोघं दिवसभर कामाला, मुलाजवळ आज्जी. आज्जीला मराठी चार शब्दांपलीकडे येत नव्हती. ती त्याला न्हाऊ घालायची, भरवायची, झोपवायची, सगळं मुक्याने, कारण डॉक्टरबाईंनी सांगितलंय. त्या मुलाला दिवसात सगळ्यात जास्त बोलणं ज्या तोंडातून मिळत होतं, तेच मी बंद करून टाकलं होतं. त्यानंतर मी कुणालाही घरातली भाषा सोडायला सांगितलेली नाही. तुमच्या सासूबाई गप्प झाल्या हे वाचलं तेव्हा मला ती आज्जी आठवली, म्हणून इतकं सविस्तर लिहायला बसले.

घरी इंग्रजी बोला या सल्ल्याचंही तसंच. तुमचं इंग्रजी उत्तम आणि सहज असेल, तुम्ही त्यात रागावू-लाडवू शकत असाल, तर गोष्ट वेगळी. पण बहुतेक घरांत काय होतं ते सांगते. एका आईला मी मटार सोलत मुलाशी बोलायला सांगितलं. इंग्रजीत ती म्हणाली, ‘टेक. ओपन. नो, नो, सिट डाऊन.’ मग म्हटलं, आता तुमच्या भाषेत बोला. ‘अगं बाई, ही शेंग किती फुगलीये बघ! आत कोण लपलंय? एक, दोन... अरे, पळाला एक! कुठं गेला? पाटाखाली बघ. किडका आहे का रे तो? मग टाकून दे, गोड गोड तेवढा खा.’ मटार तेच, आई तीच. पण दुसऱ्या वेळी त्या मुलाला मोजणं मिळालं, जागा मिळाली, कारण मिळालं, प्रश्न मिळाले, गंमत मिळाली. मूल यावर वाढतं. जी भाषा आपल्याला तुटक येते ती आपण मुलालाही तुटकच देतो. इंग्रजी त्याला शाळेत मिळणार आहे आणि ते येईल. पहिल्या भाषेत ‘का’ आणि ‘म्हणून’ पक्कं झालेल्या मुलाला दुसऱ्या भाषेत फक्त शब्द शिकायचे असतात, विचार नव्याने शिकायचा नसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावं असं म्हटलंय, ते याचसाठी.

बाईंना दोष देऊ नका. दोन भाषांनी डोकं गोंधळतं ही समजूत शंभर वर्षं जुनी आहे आणि ती अभ्यासकांनीच पसरवली. १९२३ साली वेल्समध्ये सेअर नावाच्या संशोधकाने शाळकरी मुलांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या आणि वेल्श-इंग्रजी बोलणारी मुलं मागे आहेत, त्यांचा मानसिक गोंधळ होतो, असं लिहिलं. पण मागे पडलेली मुलं खेड्यातली होती. शहरातल्या मुलांत असा फरक नव्हताच. म्हणजे मोजली गेली ती परिस्थिती, आणि नाव लागलं भाषेला. जतकडच्या खेड्यातल्या मुलाची सांगली शहरातल्या मुलाशी तुलना करून दोष कानडीवर टाकावा, तसं ते झालं. मग १९६२ मध्ये माँट्रियलला पील आणि लॅम्बर्ट या दोघांनी १० वर्षांची मुलं घेतली, आर्थिक परिस्थिती सारखी राहील हे बघून, तर फ्रेंच-इंग्रजी दोन्ही चांगली येणारी मुलं पुढे निघाली. आपल्याकडे अजित मोहंतींनी ओडिशातल्या कोंध आदिवासी मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं. एकच जमात, गरिबीही सारखीच. काही गावांत कुई भाषा टिकलेली, काही गावांत फक्त ओडिया उरलेली. कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुलं भाषेचा विचार करण्यात आणि इतर चाचण्यांतही सरस दिसली. मला हा अभ्यास जवळचा वाटतो, कारण ही मुलं आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांसारखी आहेत.

आता मनावर होणाऱ्या परिणामाबद्दल, कारण तुम्ही शेवटी विचारलंय की दोन भाषांमुळे मूल हुशार होतं हे खरं का. इथे मी जपून बोलते. दुभाषी माणसाच्या डोक्यात दोन्ही भाषा एकाच वेळी जाग्या असतात. एकीत बोलताना दुसरीला मागे थोपवून धरावं लागतं. या रोजच्या सरावाने लक्ष एकाग्र करण्याची, नको ते बाजूला सारण्याची ताकद वाढते, असं टोरोंटोच्या एलन बियालिस्टोक यांच्या कामातून पुढे आलं आणि जगभर गाजलं. पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ९-१० वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली गेली, तेव्हा असा फायदा दिसला नाही. म्हणून ‘दोन भाषा शिकवा, मूल हुशार होईल’ असं मी कुणालाही सांगत नाही. ज्यावर वाद कमी आहे ते सांगते. दुभाषी मुलाला लवकर कळतं की शब्द म्हणजे वस्तू नव्हे, एकाच वस्तूला दोन नावं असू शकतात. समोरच्याला काय समजेल याचा अंदाज घेऊन बोलायची त्याला सवय लागते. आणि म्हातारपणाविषयी एक गोष्ट आपल्या शेजारचीच आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकभाषी रुग्णांच्या तुलनेत दुभाषी रुग्णांमध्ये विसरभोळेपणाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली, आणि हे निरक्षर माणसांमध्येही दिसलं. म्हणजे हा केवळ शाळेचा परिणाम म्हणता येत नाही. पण तो आकडा आयुष्यभर दोन भाषा वापरलेल्या माणसांचा आहे, नर्सरीतल्या मुलाला त्यातून लगेच काही मिळत नाही.

इथवरचं एकत्र सांगायचं तर, सरमिसळ हा दोष नाही, शब्द दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे, शंका असेल तर आधी कान, आणि कोणतीही भाषा बंद करायची नाही.

मग किती आणि कसं बोलायचं? ‘एका माणसाने एकच भाषा’ हा नियम तुम्ही कुठेतरी वाचला असेल. फ्रान्समधल्या रोंजा यांनी आपल्या मुलाच्या वाढीवर १९१३ साली पुस्तक लिहिलं, तिथून तो पसरला. आई एक भाषा, वडील दुसरी. तुमच्या घरी तो आपोआप पाळला जातोय, चांगलंच आहे. पण काका आले की मराठी, आत्या आली की कानडी, भाजीवाल्या मावशी दोन्ही बोलतात, अशा आपल्या घरांत तो काटेकोर पाळायचा हट्ट नको. नियमापेक्षा मात्रा महत्त्वाची. ज्या भाषेतून मुलाशी रोज भरपूर, समोरासमोर बोलणं होतं ती येते, आणि जिला दिवसातून दहा मिनिटं मिळतात ती मागे पडते. विटा-आटपाडीकडची गलाई व्यवसायातली, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं काम करणारी कुटुंबं तमिळनाडू, केरळ, बंगाल, कुठे कुठे आहेत. त्यांची मुलं मे महिन्यात गावाकडे येतात तेव्हा काही माझ्याकडेही येतात. जिथे आज्जी सोबत राहते त्या घरातलं मूल तमिळइतकीच मराठी बोलतं. जिथे आई-बाबा दिवसभर दुकानात असतात तिथलं मूल मराठी समजतं, पण उत्तर तमिळमध्ये देतं. त्यालाही गावातल्या चुलत भावंडांत महिनाभर सोडलं की जूनपर्यंत तोंड उघडतं.

मोबाइल मात्र यात माणूस म्हणून धरू नका. सिॲटलला पॅट्रिशिया कूल यांनी ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, प्रत्येकी २५ मिनिटांच्या १२ बैठका. समोर बसून खेळत, पुस्तक दाखवत बोलणाऱ्या माणसाकडून बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तर काहीच शिकली नाहीत. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. इंग्रजी यावी म्हणून जेवताना गाणी लावून देत असाल तर तेवढा वेळ आज्जींना द्या.

सासूबाईंशी तुम्हीच बोला. त्यांना वाटतंय की आपल्या बोलण्याने नातवाचं नुकसान झालं. तसं काही झालेलं नाही, हे त्यांना सुनेच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. बाईंनाही शांतपणे सांगा की घरी दोन भाषा चालू राहतील, वर्गात त्याला वेळ द्या, आणि तो बोट दाखवून, मान हलवून उत्तर देतो तेही उत्तर म्हणून घ्या.

आणि एक काम करा. शंभर पानी वही घ्या. एका पानावर तुम्ही त्याचे मराठी शब्द लिहा, समोरच्या पानावर सासूबाईंना विचारून कानडी. लिपीची काळजी नको, सगळं देवनागरीतच लिहा. चित्रविचित्र उच्चार असतील तर तो जसा बोलतो तसेच लिहा, ‘बाबा’ला ‘बाला’ म्हणत असेल तर ‘बाला’. जोडून बोललेलं वाक्य आलं की खाली रेघ मारा. पंधरा दिवसांनी कानाच्या तपासणीचा कागद आणि ती वही घेऊन जवळच्या वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जा. जाताना आज्जींनाही सोबत न्या. कानडीचं पान त्यांच्याशिवाय कुणाला वाचून दाखवता येणार नाही.